खिशातला कॅमेरा : इतिहासाचे एक साधन आणि त्याची निवड

इतिहास साधनांवर उभा राहतो. शिलालेख, ताम्रपट, दफ्तरे, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे यांच्याप्रमाणेच छायाचित्र हेही इतिहासाचे साधन आहे. ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके लेखणी येऊ दिली गेली नाही, त्या समाजाविषयी जे लिहिले गेले ते बहुधा इतरांनी आणि इतरांच्या नजरेने लिहिले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, त्यामागे आपले म्हणणे आपणच मांडले पाहिजे ही जाणीव होती. कॅमेऱ्यालाही हाच न्याय लागू पडतो. अमेरिकेत गुलामगिरीतून निसटून पुढे मोठे विचारवंत झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी हे फार लवकर ओळखले होते. कृष्णवर्णीयांची विटंबना करणारी चित्रे सर्वत्र छापली जात असताना ते जाणीवपूर्वक करारी, गंभीर मुद्रेने कॅमेऱ्यासमोर बसत. त्यांची सुमारे १६० छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. आपली प्रतिमा आपल्या अटींवर जगापुढे ठेवणे हाही मुक्तीच्या लढ्याचाच भाग होय.

हे सारे वर्गात शिकवीत असूनही एका प्रसंगी आम्ही स्वतः चुकलो. काही वर्षांपूर्वी शाळेसाठी खिशात मावेल असा डिजिटल कॅमेरा घ्यावयाचे ठरले आणि इतिहासाचे शिक्षक म्हणून ते काम आमच्याकडे आले. खोक्यावरचे दोनच आकडे आम्ही पाहिले : मेगापिक्सेल किती आणि झूम किती. दोन्ही मोठे होते. त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सायंकाळी एक वयोवृद्ध उपासक शाळेत आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला वडिलांचा हात धरून ते दीक्षा समारंभास गेले होते. ट्यूबलाइटच्या उजेडात ते पाऊण तास बोलले, मुले तल्लीन होऊन ऐकत होती. दुसऱ्या दिवशी छायाचित्रे पाहिली तर एकही स्पष्ट नव्हते. हलणारा हात, पुसट चेहरा, सर्वत्र रवाळपणा. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा बोलवू म्हणून आम्ही मनाची समजूत घातली. त्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. कॅमेरा त्याच्या कुवतीप्रमाणे चालला होता, निवड मात्र आमची चुकली होती. त्या चुकीतून जे शिकलो ते येथे मांडतो.

सेन्सरचा आकार

जुन्या कॅमेऱ्यात जी जागा फिल्मची, ती डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरची. प्रकाश त्यावर पडतो आणि त्याचे चित्र होते. स्वस्त खिसा-कॅमेऱ्यात हा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. त्याचे क्षेत्रफळ चौपट भरते. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात अधिक जमेल, इतके हे सोपे आहे. सोनी कंपनीने २०१२ साली ‘आरएक्स१००’ या सुमारे २४० ग्रॅम वजनाच्या कॅमेऱ्यात असा मोठा सेन्सर बसविला, तेव्हापासून खिशातल्या कॅमेऱ्याकडून अपेक्षा वाढल्या.

मेगापिक्सेलचा मोह मात्र टाळावा. एफोर आकाराच्या पानावर उत्तम छपाईसाठी ९ मेगापिक्सेलही पुरेसे होतात. लहान सेन्सरवर अधिक पिक्सेल कोंबल्याने अंधुक उजेडातले चित्र सुधारत नाही.

भिंग आणि झूम

भिंगाजवळ एफ हे अक्षर आणि पुढे एक आकडा लिहिलेला असतो. आकडा जितका लहान, तितके भिंगाचे छिद्र मोठे. एफ १.८ चे भिंग एफ ३.५ च्या भिंगापेक्षा जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते. ज्या सभागृहात एका भिंगाला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेथे दुसऱ्याला चाळिसावा भाग पुरतो. बोलणाऱ्याचा हात स्पष्ट येणे किंवा फराटा होणे यांतला फरक एवढाच असतो. आमच्या त्या सायंकाळी नेमके हेच घडले होते.

झूमचे दोन प्रकार आहेत. ऑप्टिकल झूममध्ये भिंग खरोखर दृश्य जवळ आणते. डिजिटल झूममध्ये काढलेले चित्रच कापून मोठे केले जाते. तो आकडा हिशेबात धरू नये. ऑप्टिकल झूमनेही बहुतेक खिसा-कॅमेऱ्यांत भिंगाचे छिद्र लहान होत जाते आणि उजेड कमी पडतो. म्हणून सभागृहात झूम ओढण्याऐवजी चार पावले पुढे जाऊन उभे राहावे.

चेहऱ्याचा रंग

अनेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये चेहरा ‘सुंदर’ करण्याची सोय असते. ती त्वचा गुळगुळीत करते आणि पुष्कळदा उजळही करते. ती बंद करता येते की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. यामागे इतिहास आहे. विसाव्या शतकात रंगीत छपाईचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी ‘शर्ली कार्ड’ नावाचा नमुना पाठवीत असे. त्यावर दीर्घकाळ गौरवर्णीय स्त्रीचेच चित्र होते. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्या मापात बसत नसत. उन्हातान्हात राबून रापलेला आपल्या आजीचा चेहरा जसा आहे तसाच नोंदला जावा. त्यात उणे काहीच नाही.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. दिवसाउजेडी चांगला मोबाइल पुरतो, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी तोच वापरावा. परंतु मोबाइल व्यक्तीचा असतो. तो हरवतो, बदलतो, आणि संदेशातून पाठविलेले चित्र बहुधा आकसून पोहोचते. शाळेचा कॅमेरा शाळेच्या कपाटात राहतो, आणि त्यातील चित्रांची जबाबदारी संस्थेवर असते.

खरेदी आणि त्यानंतर

ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पारखावे, हा तथागतांचा कालामांना दिलेला उपदेश बाजारातही उपयोगी पडतो. दुकानात कॅमेरा हाती घेऊन आतल्या, कमी उजेडाच्या कोपऱ्यात फ्लॅश न वापरता माणसाचे छायाचित्र काढावे आणि पडद्यावर मोठे करून डोळे पाहावेत. बॅटरी सुटी काढता येते का, दुसरी मिळते का, याची चौकशी करावी. जुना कॅमेरा घेत असल्यास भिंग विनाखरखर उघडते-मिटते का ते पाहावे. पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढल्यास आत गेलेली धूळ डागांच्या रूपाने दिसते.

घड्याळ आधी लावावे. प्रत्येक चित्रासोबत कॅमेरा दिनांक आणि वेळ नोंदवितो. बॅटरी दीर्घकाळ उतरलेली राहिली तर ते घड्याळ चुकते, आणि चुकलेले घड्याळ म्हणजे खोटा पुरावा. प्रत्येक चित्राची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि वहीत चारच गोष्टी लिहाव्यात : कोण, कुठे, केव्हा, कोणत्या प्रसंगी. शाळेच्या कार्यालयातील जुन्या फ्रेममध्ये उभे असलेले कितीतरी चेहरे आज आम्हांला ओळखता येत नाहीत, कारण मागे नावे लिहिलेली नाहीत.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. १९५६ च्या दीक्षा समारंभाला जे लहान मूल म्हणून गेले, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. आपल्या घरी, वस्तीत, गावी असे कोणी असल्यास त्यांच्याकडे जावे. त्यांचे छायाचित्र काढावे, त्यांच्या भिंतीवरील जुन्या तसबिरींचीही छायाचित्रे घ्यावीत. त्यासाठी फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या बाजूच्या उजेडात उभे राहावे, म्हणजे काचेवर चमक येत नाही. मूळ तसबीर त्यांच्याच घरी राहू द्यावी. प्रत आणि नावे शाळेकडे पाठवावीत. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. आम्ही ते एकदा टाकले होते.

नमो बुद्धाय. जय भीम.