जिंकलेले राखणे

पद मिळविण्यापेक्षा ते राखणे अवघड, आणि स्वकीयांच्या डोळ्यांदेखत राखणे तर त्याहून अवघड, हे जपानी मुष्टियोद्धे योशिओ शिराई यांच्या चरित्रावरून ध्यानात येते. १९ मे १९५२ रोजी टोकियोच्या कोराकुएन मैदानावर त्यांनी हवाईच्या डॅडो मॅरिनो यांना गुणांवर हरवून फ्लायवेट गटाचे, म्हणजे ११२ पौंडांपर्यंतच्या योद्ध्यांचे, विश्वविजेतेपद मिळविले. जपानवरील परकीय अंमल संपून तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. मुष्टियुद्धात त्या देशाचा हा पहिलाच विश्वविजेता. युद्धात हरलेल्या लोकांनी आपल्या मानखंडनेची भरपाई त्याच्या मुठींकडून अपेक्षिली.

पुढे चार वेळा शिराई यांनी ते पद टोकियोतच राखले. आव्हान देणाऱ्यास गमावण्यासारखे फारसे नसते. विजेत्याचा तोल जरा गेला की हजारोंचा श्वास अडतो, आणि ते त्यालाही जाणवते. अशा वेळी गर्दीच्या आवेशाबरोबर वाहून न जाणे हीच खरी कसोटी होय. ती विद्या त्यांना दिली ती आल्विन कान या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने, जेत्यांच्या प्रशासनाबरोबर आलेल्या गृहस्थाने! आधी मार चुकवावा, मग द्यावा, हा त्यांचा पाठ.

२६ नोव्हेंबर १९५४ रोजी त्याच शहरात अर्जेंटिनाच्या पास्कुआल पेरेझ यांनी पंधरा फेऱ्यांअंती गुणांवर पद हिरावले. मे १९५५ मधील परतीच्या लढतीत शिराई पाचव्या फेरीतच कोसळले आणि त्यांनी रिंगण सोडले. कान मात्र जपानमध्येच राहिले. १९७१ मध्ये त्यांचा देहान्त होईपर्यंत शिराई दांपत्याने त्या वृद्ध गुरूचा सांभाळ केला.