‘दोन वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचं नाही’ ही अट टिकते का?

प्रश्न : बी.एस्सी. (कृषी) झाल्यावर मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत सेल्स ऑफिसर म्हणून लागलो. बुलढाणा, चिखली, भोकरदन हा माझा एरिया. रुजू होताना बाँडवर सह्या घेतल्या : तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर एक लाख रुपये भरायचे, आणि सोडल्यावर दोन वर्षं महाराष्ट्रातल्या कुठल्याही बियाणे कंपनीत जायचं नाही. पदवीचं मूळ प्रमाणपत्र आणि सही केलेला कोरा चेक कंपनीकडेच आहे. दोन वर्षं झाली. आता दुसरीकडून चांगली ऑफर आलीय. साहेब म्हणतात, कोर्टात खेचू. काय करू?
– एक वाचक, धाड (जि. बुलढाणा)

उत्तर : दोन वर्षांच्या बंदीची धास्ती आधी मनातून काढा. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ सांगतं, की कायदेशीर धंदा-व्यवसाय करायला मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण घ्या. त्याची जाहिरातींची कामं पाहणाऱ्या कंपनीशी असलेला करार २००३ मध्ये संपला. तरी पुढच्या करारावर पहिला हक्क आमचाच, असं म्हणत कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००६ मध्ये हरली. करार संपल्यानंतरचं बंधन वाजवी आहे की अवाजवी, हे आपल्याकडे तपासलंच जात नाही. बियाण्याचं शिक्षण घेतलेल्या मुलाने दोन वर्षं करायचं तरी काय?

खरी अडचण तीन वर्षांच्या अटीची आहे, कारण ती मुदत अजून चालू आहे. कल्याणजवळच्या एका रेयॉन कारखान्यातले निरंजन गोलिकरी पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. मुदत संपेपर्यंत तिथे काम करायला झालेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये योग्य ठरवली. म्हणून तुमचा बाँड शब्द न् शब्द वाचा. ‘या तीन वर्षांत दुसरीकडे काम करणार नाही’ असं त्यात असेल, तर कंपनीच्या हातात काहीतरी आहे. नुसते पैसे भरायचं लिहिलं असेल, तर वाद पैशांपुरताच.

ते पैसेही पूर्ण लाखच द्यावे लागतील असं नाही. कलम ७४ प्रमाणे लाख ही कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई काय, ते कोर्ट ठरवतं. मात्र २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन लाखांची अशीच अट उचलून धरली, कारण सरकारी बँकेला नव्याने भरती करायला लागणारा खर्च आणि वेळ न्यायालयाने ग्राह्य धरला. तुमच्या कंपनीने ट्रेनिंगवर काय खर्च केला, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. ऐन मे-जूनमध्ये, खरिपाची विक्री चालू असताना सोडू नका. तेव्हा कंपनीला नुकसान दाखवणं सोपं जातं.

मला सगळ्यात जास्त काळजी त्या कोऱ्या चेकची वाटते. सही तुमची असली की रक्कम दुसऱ्याने भरली तरी कायदा आधी ते देणं खरंच धरतो. उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. राजीनाम्यातच चेकचा नंबर लिहा, तो कशासाठी दिला होता ते लिहा आणि प्रमाणपत्रासह परत मागा. राजीनामा ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्हीकडून पाठवा. चेक वटवायला टाकला, बाउन्स झाला आणि नोटीस आली, तर १५ दिवसांच्या आत वकिलाकडून लेखी उत्तर गेलंच पाहिजे. नोटीस घरी पडून राहिली की पोरं अडकतात, हे मी वारंवार पाहतो. मूळ प्रमाणपत्र अडवून ठेवायचा कंपनीला अधिकार नाही.

नोटीस पिरियड पूर्ण करा. कृषी सेवा केंद्रांकडची वसुली आणि परत आलेल्या मालाचा हिशेब मिटवून ‘नो ड्यूज’ लेखी घ्या. डीलरांची बुकिंगची यादी किंवा संकरित वाणाच्या नर-मादी ओळींची माहिती मोबाइलमध्ये नेऊ नका. कंपनीची गुपितं नेणाऱ्याला कलम २७ वाचवत नाही. डीलरांशी असलेली ओळख मात्र तुमची आहे, ती कोणी काढून घेऊ शकत नाही.