हरलेली टीम? केनियाच्या फुटबॉल संघाचा इतिहास आणि आपला वर्ग



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेची फुटबॉलची टीम पहिल्यांदाच बाहेर खेळायला गेली. चार सामने खेळलो, चारही हरलो. एका सामन्यात तर सहा गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपवून वर्गात आले, तर फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं होतं : "हरलेली टीम." लिहिणारा दुसरा कोणी नव्हता, आमचाच गोलरक्षक होता.

मी ते पुसलं नाही. त्याच्या खाली एक नाव लिहिलं, "केनिया", आणि मुलांना म्हटलं, आता आठवडाभर आपण या देशाच्या फुटबॉल टीमचा अभ्यास करू आणि शनिवारी ठरवू, ही हरलेली टीम आहे की नाही. त्या आठवड्यात आम्ही काय शिकलो, ते इथे मांडते आहे. तुमच्या वर्गात, घरी, जसं जमेल तसं वापरा.

केनियाच का?

भारताचं उदाहरण घेता आलं असतं, पण आपल्या टीमबद्दल मुलं आधीच बाजू घेतात. ब्राझील, अर्जेंटिना घेतलं तर मुलांना वाटतं, ते तर जिंकणारच. केनिया मधला आहे. आणि आपल्याला वाटतो तेवढा लांबचाही नाही. आकुर्डीत मुख्यालय आणि चाकणला कारखाना असलेल्या बजाजची बॉक्सर मोटारसायकल केनियात आणि युगांडात 'बोडा-बोडा' म्हणून धावते, म्हणजे तिच्यावर मागे बसवून भाड्याने प्रवासी नेतात. हे सांगितल्यावर वर्गातल्या निम्म्या मुलांचे कान टवकारले. कोणाचे ना कोणाचे तरी बाबा, काका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत असतातच.

क्रिकेटवाल्या पालकांना तर केनिया चांगलाच आठवत असेल. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी, विश्वचषकात, आपल्या पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं होतं. केनियाच्या १६६ धावा, वेस्ट इंडिज ९३ धावांत गारद! पुढे २००३ च्या विश्वचषकात हाच संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते मुंबईचे संदीप पाटील. पण आपला विषय फुटबॉल.

थोडा इतिहास

केनियाच्या फुटबॉल संघाला 'हरांबे स्टार्स' म्हणतात. हरांबे हा स्वाहिली शब्द आहे. अर्थ : सगळे मिळून ओढूया. गाडी चिखलात रुतली की आपण "जोर लगाके" म्हणतो ना, तसंच काहीसं. हेच केनियाचं राष्ट्रीय ब्रीदवाक्य आहे.

संघ मात्र स्वतंत्र केनियापेक्षा जुना आहे. केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला, पण इंग्रजांच्या राज्यात १९२६ सालीच केनिया आणि युगांडा यांच्यात 'गॉसेज चषक' सुरू झाला होता. गॉसेज ही साबण बनवणारी कंपनी, तिने चषक दिला म्हणून हे नाव. पुढे १९४५ मध्ये टांगानिका आणि १९४९ मध्ये झांजीबार हेही खेळू लागले. (आज हे दोघं मिळून टांझानिया देश आहे. नकाशात मुलांकडून शोधून घ्या, झांजीबार बेट सापडलं की त्यांना फार आनंद होतो.) याच स्पर्धेच्या परंपरेतून १९७३ पासून पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या देशांचा 'सेकाफा चषक' आला.

आता कामगिरी बघा. मी फळ्यावर एवढंच लिहिलं :

- फुटबॉल विश्वचषक : एकदाही पात्र नाही.
- आफ्रिका चषक : १९७२, १९८८, १९९०, १९९२, २००४, २०१९. सहा वेळा पात्र, सहाही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर.
- त्या सहा स्पर्धांमध्ये मिळून जिंकलेले सामने : दोन.

मुलांना विचारलं, काय वाटतं? सगळे एका सुरात, "बाई, हरलेली टीम!" गोलरक्षक तर हसायलाच लागला.

मग मी फळ्याच्या दुसऱ्या बाजूला लिहिलं :

- सेकाफा चषक : १९७५, १९८१, १९८२, १९८३, २००२, २०१३, २०१७. सात वेळा विजेते. त्यातही १९८१ ते ८३ सलग तीन वर्षं.
- १९८७ च्या आफ्रिकी क्रीडास्पर्धा, नैरोबी : अंतिम सामन्यात इजिप्तकडून ०-१ असा पराभव, म्हणजे रौप्यपदक.

वर्ग गप्प झाला. टीम एकच, तक्ते दोन. यातला खरा कोणता? दोन्ही. फक्त प्रश्न वेगवेगळे विचारलेत. शेजाऱ्यांशी खेळताना ही टीम दादा आहे, सगळ्या खंडाशी खेळताना कमी पडते. प्रगतिपत्रक वाचताना आपणही नेमकं हेच विसरतो, नाही का? एका पानावरून मूल ठरवून टाकतो.

आकडा वाचायचा म्हणजे काय?

इथे तीन गोष्टी मुलांना शिकवता आल्या.

पहिली : कोणाशी खेळलात? २०१९ च्या आफ्रिका चषकात केनिया अल्जीरियाकडून ०-२ आणि सेनेगलकडून ०-३ असा हरला. नुसतं वाचलं तर वाटतं, काय ही टीम! पण त्या वर्षीचा अंतिम सामना कोणामध्ये झाला? अल्जीरिया आणि सेनेगल यांच्यातच. म्हणजे त्या वर्षीचा विजेता आणि उपविजेता दोघंही केनियाच्याच गटात होते. आणि गटातला उरलेला सामना केनिया जिंकला. टांझानियाविरुद्ध दोनदा मागे पडून शेवटी ३-२. मायकल ओलुंगाने त्यात दोन गोल केले.

दुसरी : किती वर्षं टिकून राहिलात? आफ्रिका चषकात केनिया पहिल्यांदा खेळला १९७२ मध्ये. त्या स्पर्धेतला पहिला विजय मिळाला २००४ मध्ये, बुर्किना फासोविरुद्ध ३-०. वजाबाकी मुलांनीच केली : ३२ वर्षं! एक मुलगी म्हणाली, "म्हणजे पहिल्यांदा खेळलेल्यांची मुलं मोठी होऊन जिंकली." शब्दशः तसं नसेल, पण तिला मुद्दा कळला होता.

तिसरी : जागा कोरी का आहे? ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०२३ च्या आफ्रिका चषकाच्या पात्रता फेरीत केनियाच्या नावापुढे काहीच नाही. हरलेही नाहीत, खेळलेच नाहीत. कारण फेब्रुवारी २०२२ मध्ये फिफाने केनियाला निलंबित केलं. देशाच्या फुटबॉल संघटनेच्या कारभारात सरकारने हस्तक्षेप केला, हे कारण. बंदी उठली नोव्हेंबरमध्ये, तोवर वेळ गेली होती. यात खेळाडूंची चूक काय? काहीच नाही. आणि आपण हसायचं कारण नाही, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतालाही फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केलं होतं. आपली बंदी अकरा-बारा दिवसांत उठली, म्हणून ऑक्टोबरमध्ये मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात होऊ शकला. त्यातले काही सामने आपल्या नवी मुंबईत झाले.

शिक्षक मित्रांनो, चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात आपल्या हजेरीपटावर अशा कोऱ्या जागा किती असतात ते आपल्याला माहीत आहे. बाबांचं कंपनीतलं कंत्राट संपलं की कुटुंब एका रात्रीत खोली सोडतं. मूल दोन महिने गावी असतं, मग दुसऱ्याच शाळेत दाखल होतं, कधी परत आपल्याकडे येतं. आपण लिहितो "गैरहजर", "प्रगती असमाधानकारक". आकडा खरा असतो, पण त्यात मुलाची चूक किती, हे आकडा सांगत नाही. केनियाची ही कोरी जागा दाखवली तेव्हा गेल्या वर्षी तीन महिने बिहारला राहून आलेला एक मुलगा पटकन म्हणाला, "बाई, माझ्यासारखं." मला त्यावर लगेच काही बोलता आलं नाही.

गणिताचा तास : अंधेरीतली स्पर्धा

आता गंमत अशी, की हीच हरांबे स्टार्स आपल्या महाराष्ट्रात येऊन खेळून गेली आहे. जून २०१८, मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात चार देशांची इंटरकॉन्टिनेंटल चषक स्पर्धा झाली. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई. साखळीचे निकाल असे :

- भारत ५, चायनीज तैपेई ०
- केनिया २, न्यूझीलंड १
- भारत ३, केनिया ०
- न्यूझीलंड १, चायनीज तैपेई ०
- न्यूझीलंड २, भारत १
- केनिया ४, चायनीज तैपेई ०

एवढे निकाल द्या आणि मुलांकडून गुणतक्ता बनवून घ्या. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. भारत, केनिया, न्यूझीलंड, तिघांचेही ६ गुण होतात! मग अंतिम फेरीत कोण? इथे गोलफरक येतो : केलेल्या गोलांमधून खाल्लेले गोल वजा करायचे. भारत ९ वजा २, म्हणजे ७. केनिया ६ वजा ४, म्हणजे २. न्यूझीलंड ४ वजा ३, म्हणजे १. एका गोलाच्या फरकाने केनिया अंतिम फेरीत!

मोठ्या मुलांना आणखी पुढे न्या. शेवटच्या सामन्याआधी केनियाने २ गोल केले होते आणि ४ खाल्ले होते, म्हणजे उणे २. न्यूझीलंड अधिक १ वर. गोलफरकात न्यूझीलंडच्या पुढे जायला केनियाला किती गोलांनी जिंकायला हवं होतं? चार. आणि त्यांनी बरोबर चारच केले. ऋण संख्या पुस्तकात पुढच्या इयत्तेत येतात, पण "उणे दोन" म्हणजे काय ते आमच्या पाचवीला त्या दिवशीच कळलं.

खेळाइतकीच प्रेक्षकांची गोष्ट

या स्पर्धेतली एक गोष्ट पालकांसाठी मुद्दाम सांगते. १ जूनला भारताने पाच गोल मारले, कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. पण बघायला माणसं होती जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलसमोर उभं राहून लोकांना हात जोडले. टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या, असा त्याचा सूर होता. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा १०० वा आंतरराष्ट्रीय सामना होता. मुंबईचा पाऊस कोसळत होता आणि स्टेडियम भरलेलं होतं! मध्यंतरापर्यंत गोल नाही. मग उत्तरार्धात भारताचे तीन गोल, त्यातले दोन छेत्रीचे. १० जूनला अंतिम सामन्यात पुन्हा केनिया समोर. छेत्रीचे दोन गोल, भारत २-० ने विजेता.

हे ऐकून मुलांनी मला विचारलं, "बाई, आपल्या मॅचला कोण आलं होतं?" खरं सांगते, चार सामन्यांत मिळून एक पालक आले होते. रात्रपाळी करून, न झोपता, कंपनीच्या युनिफॉर्मवरच ते गोलपोस्टच्या मागे उभे होते. बाकीचे आले नाहीत याबद्दल माझी तक्रार नाही. फर्स्ट शिफ्ट सोडून कोण येणार, एक खाडा म्हणजे पगार कापला जातो, हे मला माहीत आहे. पण मुलांनी मोजलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

वर्गात काय करता येईल?

१. नकाशा : केनिया, युगांडा, टांझानिया आणि झांजीबार शोधणे. विषुववृत्त केनियातून जातं, तेही दाखवा.
२. गणित : वरचा गुणतक्ता. नंतर आपल्या शाळेच्या सामन्यांचा तसाच तक्ता.
३. भाषा : 'हरांबे'सारखे, सगळ्यांनी मिळून काम करताना आपल्याकडे म्हणतात ते शब्द घरून विचारून आणणे. आमच्या वर्गात मराठीबरोबर हिंदी, भोजपुरी, कन्नड शब्दही आले.
४. चर्चा : "एकच टीम, दोन तक्ते." प्रत्येकाने स्वतःचेही दोन तक्ते लिहायचे, काय जमत नाही आणि काय जमतं.

शनिवारी काय ठरलं?

शनिवारी मी मुलांना शेवटचा निकाल सांगितला. ऑगस्ट २०२५ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडा यांनी मिळून आफ्रिकी देशांची 'चान' स्पर्धा भरवली. यात फक्त आपल्याच देशातल्या क्लबमध्ये खेळणारे खेळाडू असतात. केनियाने काँगो, मोरोक्को आणि झांबियाला हरवलं, अंगोलाशी बरोबरी केली आणि गटात पहिला आला. मोरोक्को तर पुढे त्या स्पर्धेचा विजेता झाला! उपांत्यपूर्व फेरीत केनिया मादागास्करकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला. आणि २०२७ चा आफ्रिका चषकही हेच तीन शेजारी मिळून भरवणार आहेत. इतकी वर्षं एकमेकांविरुद्ध खेळणारे आता एकत्र यजमान!

मग मतदान घेतलं. केनिया हरलेली टीम आहे का? अठ्ठावीस मुलं "नाही" म्हणाली, सहा "हो" म्हणाली. त्या सहांनाही मी चूक म्हटलं नाही, कारण पहिला तक्ता खोटा नव्हता. गोलरक्षकाने मत दिलं नाही. तो उठला, फळ्यावरचं "हरलेली" पुसलं आणि तिथे "चार मॅच खेळलेली" असं लिहिलं.

पालकहो, पुढचे सामने जानेवारीत आहेत. वेळापत्रक आलं की वर्गाच्या ग्रुपवर टाकेन. ज्यांची सेकंड शिफ्ट किंवा सुट्टी असेल त्यांनी अर्धा तास तरी येऊन जा. आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेत हा पाठ घेतलात तर मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.