दुग्धज्वर : व्यायलेली गाय का बसते?

भरपूर दूध देणारी संकरित गाय तिसऱ्या-चौथ्या वेतात सुखरूप विते, चीक देते आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात बसलेली आढळते. उठवली तरी उठत नाही. मान वळवून पोटाशी टाकते, कान थंड लागतात, नाकपुडी कोरडी पडते. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, उलट अंग गार पडते. म्हशीलाही हा आजार होतो.

मूळ चिकात आहे. एक लिटर चिकात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि गाईच्या संपूर्ण रक्तात ते जेमतेम ३ ग्रॅम. दहा लिटर चीक निघाला की रक्तातील साठा सहा-सात वेळा नव्याने भरावा लागतो. हाडांतून व आतड्यांतून भर पडते, पण तिला वेग यायला दोन-तीन दिवस लागतात.

कॅल्शियम केवळ हाडांसाठी असते असा आपल्याकडे समज आहे. रक्तवाहिन्या, कोठीपोट व गर्भाशय यांच्या भिंतींत आपोआप चालणारे स्नायू असतात. त्यांच्या पेशींबाहेर कॅल्शियमचे कण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असतात. पेशीची दारे उघडली की ते आत शिरतात व स्नायू आकसतो. ते बाहेर गेले की सैल पडतो. बाहेर घालविण्यात सोडियमचाही हात असतो : सोडियमचे तीन कण आत येताना कॅल्शियमचा एक बाहेर ढकलतात. या स्नायूंचा स्वतःचा साठा थोडा, भिस्त रक्तावर. म्हणून रक्तातले कॅल्शियम घटताच रवंथ थांबते, शेण अडते, वार पडत नाही, रक्ताभिसरण मंदावते. सडाचे तोंड नीट मिटत नाही, त्यातून पुढे कासदाह होतो. पायांच्या स्नायूंत साठा असतो, पण मज्जातंतूचा हुकूम पोचवायलाही कॅल्शियमच लागते.

उपचार पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावा. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून सावकाश, हृदयाचे ठोके तपासत द्यावे लागते. घाईत दिल्यास हृदय बंद पडते. डॉक्टर येईपर्यंत गाईला पोते-पेंढ्यांचा आधार देऊन छातीवर बसवावे. तोंडाने काही पाजू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्याने औषध फुफ्फुसात जाते, आणि पुष्कळ गाई आजाराने नव्हे तर त्यानेच दगावतात.

विण्याआधीचे तीन आठवडे महत्त्वाचे. या काळात लसूणघास बेताने द्यावा, कॅल्शियमचे टॉनिक पाजू नये. अपचनासाठी सर्रास दिला जाणारा खाण्याचा सोडाही टाळावा. त्यातील सोडियममुळे रक्त अल्कधर्मी होते आणि हाडे कॅल्शियम सोडायला कुचराई करतात. साध्या मिठात सोडियमच्या जोडीला क्लोराईड असल्याने हा परिणाम होत नाही. व्यायल्यावर वासराला पोटभर चीक पाजावा, मात्र पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये.