दिवेलागणीनंतर मांजर घरात

शेतकऱ्याच्या घरी गाई-म्हशींना दावे असते, कोंबड्यांना खुराडे असते, कुत्र्याला साखळी असते. संध्याकाळ झाली की कोंबड्या झाकल्या का, वासरू आत घेतले का, अशी चौकशी घरातील वडीलधारी माणसे न चुकता करतात. मांजर कोठे आहे हे मात्र कोणी विचारीत नाही. ते आपल्या वाटेने जाते व आपल्या वाटेने येते, असा आपला समज. मग एखाद्या सकाळी ते येत नाही. मुले दोन दिवस हाका मारतात, आणि ‘मांजरच ते, गेले असेल कोठेतरी’ असे म्हणून आपण तो विषय मिटवतो.

पुष्कळदा ते ‘कोठेतरी’ गेलेले नसते. ते मेलेले असते, आणि ज्या कारणाने मेले ते कारण टाळता येण्याजोगे असते. त्यांपैकी एक-दोन कारणे तर अशी आहेत की ती मांजरापाशी थांबत नाहीत, घरातील मुलाबाळांपर्यंत पोचतात. म्हणून ह्या वेळच्या पाठासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. आमचे सांगणे एवढेच: दिवे लागल्यापासून चांगले उजाडेपर्यंत मांजर घरात असावे. ज्यांचे घर हमरस्त्याला लागून आहे त्यांनी ते दिवसाही आतच ठेवावे.

१. रात्र धोक्याची का?

मांजराला अंधुक उजेडात आपल्यापेक्षा पुष्कळ चांगले दिसते. तिन्हीसांजेला व पहाटे ते सर्वांत चपळ असते, आणि नेमक्या त्याच वेळी शिकारीला निघते. परंतु त्याच वेळी मोकाट कुत्रीही टोळीने हिंडू लागतात. एका कुत्र्यापासून मांजर झाडावर चढून सुटते. चार कुत्र्यांनी उघड्या माळावर गाठले, तर त्याचा निभाव लागत नाही. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावत असतात. समोरून दिव्याचा झोत डोळ्यांवर आला की मांजर पळण्याऐवजी जागीच थबकते. थंडीत ते उबेसाठी ट्रॅक्टरखाली किंवा मोटारीच्या इंजिनाजवळ जाऊन निजते, आणि पहाटे गाडी सुरू होताच चिरडते.

डोंगराच्या व उसाच्या गावी बिबट्याचाही विचार केला पाहिजे. अकोले तालुक्याच्या बागायती खोऱ्यात बिबटे काय खातात ह्याचा अभ्यास त्यांची विष्ठा तपासून करण्यात आला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, गावातील कुत्र्यांचा निघाला. त्याखालोखाल मांजरे होती, सुमारे १५ टक्के. त्या खोऱ्यात शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी अधिक, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच होता. ह्याचे एक कारण उघड आहे. शेळीमागे राखणदार असतो आणि रात्री ती कोंडलेली असते. कुत्र्या-मांजरांना तसे कोणी नसते. बेळगाव शहरातही ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला होता व आसपासच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. रात्री अंगणात भक्ष्य मिळते असे बिबट्याला एकदा कळले की तो पुन्हा येतो. तेव्हा मांजर आत घेण्यात आपल्या अंगणाचीही राखण आहे.

२. उंदरांच्या औषधाचा फास

हा धोका आपणच निर्माण केलेला आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची औषधे वापरली जातात.

पहिले झिंक फॉस्फाईड, म्हणजे काळसर भुकटी. ९६ भाग भरडलेले धान्य, २ भाग गोडे तेल व २ भाग भुकटी असे तिचे आमिष करतात. ती पोटात गेली की जठरातील आम्लाने तिच्यापासून फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांतच मरतो. मेलेल्या उंदराच्या पोटात न पचलेले आमिष शिल्लक असते. तो उंदीर मांजराने खाल्ला तर तोच वायू मांजराच्या पोटात तयार होतो. ह्या विषावर उतारा नाही.

दुसरे ब्रोमाडिओलोन, म्हणजे तयार वड्या. ह्याने रक्त गोठण्याची शक्ती जाते. उंदीर लगेच मरत नाही, त्याला काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत तो सुस्त होतो. सुस्त उंदीर मांजराच्या तावडीत अगदी सहज सापडतो. त्याच्या यकृतात विष साठलेले असते. असे उंदीर एकामागून एक खाल्ले की मांजराच्याही अंगात रक्तस्राव सुरू होतो. हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून किंवा शौचातून रक्त जाणे, धाप लागणे ही लक्षणे दिसताच गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. ह्या विषावर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे, परंतु तो काही आठवडे चालू ठेवावा लागतो.

तेव्हा नियम असा पाळावा. औषध ठेवण्यापूर्वी डाव्या-उजव्या शेजाऱ्याला सांगावे, कारण आपल्या बांधावरचे विष शेजारच्या घरातील मांजराला मारते. आमिष बिळात खोल घालून बीळ चिखलाने बुजवावे. रोज सकाळी मेलेले उंदीर चिमट्याने उचलून खोल पुरावेत. आमिष असेतो, आणि ते उचलल्यावरही दोन आठवडे, मांजराला दिवसासुद्धा बाहेर सोडू नये.

३. पिसाळ रोग

पिसाळ रोग, म्हणजे रेबीज, माणसाला बहुतेक वेळा कुत्र्यापासून होतो. परंतु पिसाळलेल्या कुत्र्याने मांजराला चावा घेतला, तर मांजरही पिसाळते, आणि त्याच्या चाव्याने व नखांच्या ओरखड्याने तो रोग माणसाला होऊ शकतो. मांजर मुलांच्या अंथरुणात निजते, हे ध्यानात घ्या. नेहमीचे लाडके मांजर एकाएकी अंधारात लपू लागले, लाळ गाळू लागले, कारण नसता अंगावर धावून आले, तर त्याला हात लावू नये. दार बंद करून डॉक्टरांना कळवावे.

मांजराने चावा घेतला किंवा रक्त निघेल असे ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल ह्यांपैकी काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी, आणि त्यानंतर ३ऱ्या, ७व्या व २८व्या दिवशी घेतात. रक्त आलेले असेल तर जखमेत टोचायचे सीरमही लागते. त्या मांजरावर १० दिवस नजर ठेवावी, पण लस सुरू करण्यासाठी १० दिवस थांबू नये. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही.

मांजराला स्वतःला लस ३ महिन्यांचे असताना टोचावी व पुढे दरवर्षी. लसीचा उपयोग होतो की नाही ह्याची ज्यांना शंका आहे त्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तेथे कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम अनेक वर्षे चालली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले.

४. ‘मग उंदीर कोण धरणार?’

हा प्रश्न प्रत्येक घरी निघणार, आणि तो रास्त आहे. परंतु रात्री उंदीर कोठे असतात? भाताच्या पोत्यांत, माळ्यावर, चुलीमागे. म्हणजे मांजराचे काम घरातच आहे. रात्री ते घरात राहिले तरच ते कामावर हजर राहिले असे म्हणता येईल. शेतातील घुशींची गोष्ट वेगळी आहे. पूर्ण वाढलेली घूस अंगावर उलटते आणि मांजर सहसा तिच्या वाटेला जात नाही. शेतासाठी बांध स्वच्छ ठेवणे, बिळे खणणे, सापळे लावणे, घुबडांना न मारणे हेच उपाय खरे.

एक ताकीद मात्र जरूर द्यायची आहे. धान्यात टाकायच्या गॅसच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतूनही फॉस्फीनच निघतो. अशा बंद खोलीत मांजरच नव्हे, शेजारच्या खोलीत निजलेली माणसेही दगावतात. त्याचप्रमाणे मांजराला ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे औषधही मांजराला लावू नये.

५. सवय कशी लावावी?

बाहेर हिंडणारे मांजर एका दिवसात घरात राहणार नाही. त्याला अन्नाने बांधावे. दिवसातले मुख्य खाणे फक्त संध्याकाळी, एकाच वेळी व घराच्या आतच द्यावे. रोझरीच्या वेळेआधी ताटली वाजवली की मांजर येते, आणि ते खात असतानाच दार लावावे. पहिले काही दिवस ते दाराशी ओरडेल. तेव्हा दार उघडू नये. एकदा उघडले की ओरडल्यावर दार उघडते हे ते शिकते. साधारण दोन आठवड्यांत बहुतेक मांजरे रुळतात, आणि पिल्लापासून सवय लावली तर काहीच त्रास होत नाही.

खाणे पोटभर असावे. उपाशी मांजर चांगली शिकार करते, हा समज खोटा आहे. ते फक्त दूरवर भटकते. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला लागते आणि ते मांस-मासळीतूनच मिळते. नुसत्या दूधभातावर ठेवलेल्या मांजराची नजर जाते व हृदय दुबळे होते. उकडलेली माशांची मुंडकी, कोंबडीची शिजवलेली काळीज-पोटे किंवा खारटपणा धुऊन काढलेली सुकट थोड्या भातात कालवून द्यावी. जवळ पाणी ठेवावे. नखे घासण्यासाठी खांबाला गोणपाट गुंडाळावे आणि बसण्यासाठी उंचावर एक फळी द्यावी. एवढे असले की मांजर घरात सुखाने राहते.

शौचासाठी पसरट टोपलीत वाळू किंवा लाकडाचा भुसा घालावा व ती रोज साफ करावी. ह्यात आरोग्याचा एक मुद्दा आहे. उंदीर किंवा कच्चे मांस खाणाऱ्या मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचे जंतू पडू शकतात, आणि गरोदर स्त्रीला त्यांची लागण झाल्यास पोटातील बाळाला अपाय होतो. हे जंतू विष्ठेत पडल्यापासून लागण करण्याजोगे व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून रोजची सफाई हाच मोठा बचाव. गरोदर स्त्रीने हे काम करू नये, ते घरातील पुरुषांनी करावे. तिने परड्यातील मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत व मांस नीट शिजवून खावे. एवढी काळजी घेतली तर मांजर घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

शेवटी नसबंदी. भाटी सहा महिन्यांच्या आतबाहेर माजावर येते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले झाली की ती कोणीतरी पोत्यात घालून बाजाराच्या गावी सोडतो. हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. बोका माजाच्या भाटीमागे लांबवर जातो, भांडतो, आणि चाव्यांच्या जखमा पिकून मरतो. दोघांचीही शस्त्रक्रिया करून घेतली की भटकणे पुष्कळ कमी होते आणि त्यांना घरात ठेवणे सोपे जाते.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. आज रात्री आपले मांजर कोठे असेल? ते आत घेण्याची जबाबदारी घरात कोणाची?
२. आपण किंवा शेजाऱ्यांनी उंदरांचे औषध ठेवले आहे का? कोणते, आणि कोठे?
३. मांजराला व कुत्र्याला ह्या वर्षी पिसाळ रोगाची लस टोचली का? नसल्यास गुरांच्या दवाखान्यात कोण व कधी जाणार?
४. मांजराने ओरबाडले तर काय करायचे, हे मुलांना ठाऊक आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलांवर सोपवावे, असे आम्हांस वाटते. मांजर हाक कोणाची ऐकते, तर त्यांचीच.