पैसे मोजले, पण कर्नल बदलला

गेल्या सत्रात आमच्या लॅबमधल्या एका मशीनवर उबुंटूचे अपडेट झाले आणि विकत घेतलेले एक सॉफ्टवेअर सुरूच होईना. "पैसे मोजलेत ना सर, मग चालायलाच पाहिजे," असे एक विद्यार्थी म्हणाला. त्याचे चुकले का?

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला थर. लिनक्सचा नवा कर्नल साधारण ९-१० आठवड्यांनी येतो. लिनस टोरवाल्ड्स यांचा एक नियम कडक आहे: कर्नल बदलला म्हणून लोकांचे चालते प्रोग्रॅम बंद पडता कामा नयेत. पण हे वचन कर्नलच्या उंबरठ्यापर्यंतच. आतली फंक्शने केव्हाही बदलतात. ती बदलणारा माणूस कर्नलच्या मूळ कोडमधले ड्रायव्हर स्वतःच दुरुस्त करतो. कंपनीने आपल्याकडे ठेवलेला कोड मात्र त्याच्या हातात नसतो.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन घ्या. त्याचे व्हीएममॉन आणि व्हीएमनेट हे मॉड्यूल तुमच्याच मशीनवर, तुमच्या कर्नलसाठी कंपाइल होतात. आतले एखादे फंक्शन बदलले की गाडी अडते, आणि पुष्कळदा कंपनीच्या आधी वापरणारेच पॅच काढून मोकळे होतात. २०२४ पर्यंत वर्कस्टेशनला पैसे मोजावे लागत, तेव्हा फुकट काम करणारा आधी पोचतो हे पैसे देणाऱ्याला झोंबायचे, आणि झोंबणारच!

२०२० च्या ऑक्टोबरात ५.९ कर्नल आला, तेव्हा एनव्हिडियाने सांगून टाकले की आमचा ड्रायव्हर यावर चालत नाही, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबा. गैरसोय झाली, पण तारीख तरी मिळाली. प्रत्येक नव्या कर्नलवर पहिल्याच दिवशी सगळे चालावे, ही अपेक्षा मला जास्त वाटते. तारीख मागणे मात्र ग्राहकाचा हक्क आहे.

कंपन्या म्हणतात, आमच्या यादीत कोणते लिनक्स आहे ते आधी वाचा. बरोबर आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्समध्ये ठरावीक अंतर्गत फंक्शने एका मुख्य आवृत्तीभर स्थिर ठेवली जातात, त्यामुळे तिथे कंपनीही निश्चिंत असते. उबुंटू एलटीएसच्या डेस्कटॉपवर तसे नाही. २२.०४ निघाली तेव्हा ५.१५ कर्नल होता. पुढे साध्या अपडेटमधून ६.८ पर्यंत गेला. नाव तेच, आतला कर्नल वेगळा.

आम्ही ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडून मशीन चालू केले आणि कंपनीला मेल टाकला. उत्तर आले, "उबुंटू २२.०४ ला आमचा सपोर्ट आहे."

मशीनवर २२.०४ च होते.