डॉलर विकण्याआधी त्याची कड पाहा

जुना डॉलर हातात जड लागतो, पांढरा दिसतो, म्हणून तो चांदीचाच असणार असे अमेरिकेत अनेक घरांत धरून चालतात. न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध बाईंचाही तोच समज होता. नवऱ्याच्या मागे राहिलेला डबाभर डॉलर घेऊन त्या जुने सोने-चांदी विकत घेणाऱ्या एकाकडे गेल्या. त्याने नाणी न निवडता सरसकट एक रक्कम सांगितली. पैसे घेण्याआधी त्यांनी मला बोलावले, हे फार बरे झाले.

आम्ही आधी सालाप्रमाणे ढीग लावले. मॉर्गन डॉलर 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडले गेले, पीस डॉलर 1921 ते 1928 आणि 1934-35 मध्ये. दोन्हींत 90 टक्के चांदी, बाकी तांबे. वजन 26.73 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे 24 ग्रॅम. चांदीचा औंस 31.1 ग्रॅमचा असतो. औंसाला 30 डॉलर भाव धरला, तर नाण्यात 23 डॉलरची चांदी निघते. त्या दिवशीचा भाव घालून हा गुणाकार घरीच करून जावे.

दुसरा ढीग आयझेनहॉवर डॉलरचा, 1971 ते 1978 चा. आकार तेवढाच, पण वापरातल्या नाण्यांत चांदीचा कणही नाही. कड पाहिली की तांब्याची लालसर रेघ दिसते. संग्राहकांसाठी काढलेल्या काही नाण्यांत मात्र 40 टक्के चांदी आहे. त्यांवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचे ‘एस’ असते, पण तेच अक्षर बिनचांदीच्या काही नाण्यांवरही आहे. म्हणून वजन करावे: चांदीचे 24.59 ग्रॅम, साधे 22.68.

चांदी हा झाला मोडीचा भाव. नाण्याची किंमत वेगळी, आणि बाईंचे नुकसान तिथेच होणार होते. मॉर्गनच्या मागच्या बाजूला, पानांच्या वेलीखाली, टांकसाळीचे अक्षर असते. त्यांच्या डब्यात कार्सन सिटीची, ‘सीसी’ अक्षरांची, नाणी निघाली. त्यांना चांदीच्या कितीतरी पट किंमत येते. 1921 चा मॉर्गन मात्र साडेआठ कोटींवर पाडला गेला, झिजलेला असेल तर मोडीपेक्षा फारसा वर जात नाही. जुन्या सालांचा मात्र पाडलेल्या संख्येवरून पुरता अंदाज येत नाही. 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींवर डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानात आली, कारण महायुद्धात लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागत होते. कोणती साले भट्टीत गेली याची नीट नोंद राहिली नाही.

नाणी उजळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे चांदीची भांडी घासून लख्ख करतात, तसा हात नाण्याला लावला की बारीक ओरखडे पडतात. जाणकार ते लगेच ओळखतो आणि भाव पाडतो. काळवंडलेले नाणे तसेच न्यावे.

नकली मॉर्गनही पुष्कळ फिरतात. लोहचुंबकाला चिकटले तर ते चांदीचे नाही. न चिकटले म्हणून खरे ठरत नाही, कारण तांबे-निकेलही चिकटत नाही. वजन आणि 38.1 मिलिमीटर व्यास दोन्ही जुळले पाहिजेत. त्यातही ‘सीसी’सारखे महाग नाणे असेल तर ते तपासून, दर्जा ठरवून सीलबंद डबीत देणाऱ्या संस्थेकडे पाठवावे. बाकीच्यांसाठी दोन-तीन दुकानांत विचारावे, आणि प्रत्येक ठिकाणी मोडीचा भाव व नाण्याचा भाव वेगवेगळे लिहून मागावेत.